घडीची कळ

खिसा एक, अंगठे दोन, कळा चोवीस.
याच्याबाहेर जायचं नाही असं भिंतीवर लिहून ठेवलंय
वडगावच्या या माडीवर, जिची फरशी
खालच्या मागांबरोबर सकाळी आठपासून थरथरते
आणि वीज गेली की कान बधिर होतील एवढी गप्प.

साधा कॅल्क्युलेटर एका वेळी एकच आकडा हातात घेतो,
गल्ल्यावरच्या माणसासारखा: हं, पुढं?
मला ओळ उचलणारा हवाय.
सगळी ओळ, एकाच दाबात.
चार माग, सहा दिवस, चोवीस आकडे
(कळांइतकेच; मी जुळवलेलं नाही)
आणि त्यांच्यापुढे फक्त अधिक, अधिकाशेजारी तिरकी रेघ.
मग ते अधिक आकड्यांच्या फटीफटीत आपणच शिरतं,
ओळ मिटते, एक आकडा उरतो.
या रेघेला मी घडी म्हणतो.
नऊ वार असले तरी घडी हातभरच.

दुसरी एक कळ आहे, वर्तुळातून आरपार गेलेल्या रेघेची.
ती दाबली की ताण्याचा बाणा होतो,
सोमवार उठून मागाच्या जागी जाऊन बसतो.
खिडकी मात्र बारा आकड्यांची.
बाकीचं कापड आत गुंडाळलेलं, सरकवून बघायचं.

'कळांवर अक्षरं कुठली घालायची?'
उद्यमबागेत साचा कापणारे गुरुसिद्धप्पा विचारतात.
ते मनात कन्नडमध्ये मोजतात, मी मराठीत,
बिल दोघंही इंग्रजी आकड्यांत करतो.
आणि या गावात पाटीवरचं अक्षर बोटभर वरखाली झालं
तरी दुपारी शटर खाली येतात.
म्हटलं, अक्षर नकोच. खुणा.
कुणाच्याच आईनं न शिकवलेल्या.
त्यांनी कागद सुलटा धरून बघितला, उलटा धरून बघितला.
'म्हणजे सगळ्यांना सारखंच अवघड,' म्हणाले,
आणि दर थोडा कमी केला.
दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले,
'ओळ आमच्यातही हाय की. ओळि. जुनी माणसं म्हणायची.'

अडलं ते लुमाण्णांपाशी.
पहिला नमुना त्यांनी तेलकट अंगठ्यानं दाबून बघितला:
दहा वजा तीन वजा दोन.
नऊ.
'खुळं हाय काय हे? पाच यायला पायजेत.'
मी सांगितलं, हे उजवीकडून वाचतं.
आधी तीनातून दोन, उरला एक,
मग दहातून तो एक.
'असं कोण करतंय बाजारात?'

कोणीच नाही.
रात्री चिप उघडून बसलो. चार ओळी बदलल्या असत्या
तर यंत्र बाजारासारखं शहाणं झालं असतं,
आणि घडीच्या कळेचा अर्थ गेला असता.
झोप आली नाही, निर्णयही आला नाही.

सकाळी खाली गेलो तर ते धोट्याकडे बघत उभे.
'दहा गेले,' बोट उजवीकडे.
'तीन परत आले,' बोट डावीकडे.
'दोन गेले. नऊ.
तुझं यंत्र धोटा चालवायलंय की.'
चार ओळी तशाच आहेत.

त्यानंतर दोन महिन्यांनी चौथा माग भंगारात गेला.
त्या जागी फरशीवर चार बोल्टांची भोकं
आणि तेलाचा चौकोन.
लुमाण्णांनी विचारलं, त्याची ओळ आता काय दाखवते?
रिकामी ओळ, अधिक, घडी: शून्य.
मान हलवली. शून्यच असणार.
मग सहज त्यांनी अधिकाच्या जागी गुणिले दाबलं.
एक.
'हे कुठनं आलं?'
म्हटलं, काहीच गुणलं नाही तरी एवढं धरावंच लागतं,
नाहीतर पुढचा कुठलाही आकडा उभा राहत नाही.
ते काही बोलले नाहीत.
पुसून परत दाबलं. एक.
आणखी एकदा.

मग यंत्र उलटं करून पाठीमागचा स्क्रू नखानं चाचपत म्हणाले,
'सेल किती दिवस जातोय याचा?'